ठेवलेलं फुटत नाही, काढताना फुटतं

पत्र असं आलंय:

"ताई, सासूबाईंनी त्यांचा ठेवणीतला बोन चायनाचा डिनर सेट मला दिला, सोनेरी काठाचा. सोबत सहा क्रिस्टलचे ग्लास, बूच असलेली एक काचेची सुरई, चांदीचं साखरेचं भांडं आणि चिनीमातीची एक नाचणारी बाहुली. तेव्हा घरात जागा नव्हती म्हणून मी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, रबरबँड लावून, एका मोठ्या खोक्यात भरून पोटमाळ्यावर ठेवलं. पाच वर्षांनी परवा खोका उतरवला. एका कपाचा कान तुटलाय, दोन प्लेटांना बुडाशी काळे डाग पडलेत, दोन ग्लास एकात एक अडकून बसलेत आणि चांदीच्या भांड्यावर रबरबँडचा काळा पट्टा उमटलाय. मिस्टर म्हणतात सगळं बबल रॅपमध्ये गुंडाळ आणि परत वर टाक. सासूबाई म्हणतात वापरू नकोस, फुटेल. मुलगी चार वर्षांची आहे. मी नक्की काय करू? तुटलेला कप टाकून देऊ का?"

कप टाकू नका आणि खोकाही वर टाकू नका, ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

पाच वर्षं खोका वर शांत पडून होता, कोणी हात लावला नाही, मग कान तुटला कधी? माझ्या मते एकतर खोका चढवताना नाहीतर उतरवताना. चिनीमाती नुसती ठेवलेली असताना फुटत नाही हो, ती फुटते काढताना, सरकवताना, एकाच्या मागची दुसरी वस्तू हवी म्हणून पुढची उचलून क्षणभर कुठेतरी टेकवताना. त्यामुळे कशात गुंडाळू हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की कुठली वस्तू कुठे ठेवली तर ती काढायला दुसरी हलवावी लागणार नाही. हे एकदा जमलं की निम्मं काम झालं.

आता हे सामान नाजूक म्हणजे नक्की कसं नाजूक ते समजून घ्या, मग पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. चिनीमाती आणि काच दोन्ही दाब भरपूर सहन करतात पण ताण अजिबात सहन करत नाहीत. म्हणजे प्लेटवर सरळ वरून वजन आलं तर ती बिचारी उभी राहते, पण तीच प्लेट वाकवायला गेलात, कानाला धरून ओढलीत, किंवा कडेला एका बिंदूवर टक्कर दिलीत की संपलं. त्यात आधीचा एखादा बारीक चरा असेल तर सगळा ताण त्या चऱ्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा तिथून पळतो. बोन चायना तर दिसतं तितकं नाजूक नसतंच. त्याच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख घातलेली असते, अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडने ही पद्धत बसवली, आणि त्या राखेमुळे ते पातळ असूनही चांगलं मजबूत होतं. प्लेट उजेडासमोर धरा, पलीकडून तुमच्या बोटांची सावली दिसली पाहिजे, दिसली तर समजा माल खरा आहे. सासूबाईंना हेही सांगा, थोड्या निश्चिंत होतील.

पण सोनेरी काठाची गोष्ट वेगळी. भांड्याची माती आणि झिलई (मातीवरचा काचेसारखा चकचकीत थर) हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली असते, सोनं मात्र सगळं झाल्यावर झिलईच्या वर लावून 700 ते 850 अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. म्हणजे ते वरच्यावर बसलेलं असतं, झिलईखाली सुरक्षित नसतं. त्यामुळे सोन्याला घासणं नको, लिंबू-व्हिनेगर-सोडा नको, डिशवॉशर नको, मायक्रोवेव्ह तर नकोच (ठिणग्या उडतात), आणि प्लीज, प्लीज, काठावर सेलोटेप किंवा स्टिकर चिकटवू नका. टेप काढताना सोनं टेपबरोबर येतं. लोक प्लेटांची थप्पी टेपने गुंडाळतात ना, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

प्लेटांपासून सुरुवात करा. कुठलीही प्लेट उलटी करून बुडाशी बोट फिरवा, गोल कडी लागेल, बहुतेकदा ती कडी खरखरीत असते कारण तिथे झिलई नसते (भट्टीत भांडं खाली चिकटू नये म्हणून पुसून टाकलेली असते). आता एकावर एक प्लेटा ठेवल्या की ही खरखरीत कडी खालच्या प्लेटच्या गुळगुळीत तोंडावर बसते आणि दरवेळी वरची प्लेट सरकवून काढलीत की खाली एक चरा. जुन्या सेटच्या मधोमध गोल गोल करडे ओरखडे दिसतात त्यातले बरेचसे असेच पडलेले असतात, काट्या-चमच्यांचे वेगळे. म्हणून दोन प्लेटांमध्ये काहीतरी हवंच. फोमची पातळ शीट गोल कापून घ्या, जाड टिश्यू पेपर चालेल, साधी कागदी प्लेट चालेल, धुवून मऊ झालेलं पांढरं सुती कापड चालेल. रंगीत कापड नको, ओल लागली तर रंग उतरतो. आणि प्लेट सरकवून काढायची नाही, उचलून काढायची, दोन हातांनी.

थप्पी एकाच मापाच्या प्लेटांची, सहा ते आठ, त्यावर नाही. मोठ्या प्लेटा लहान प्लेटांवर ठेवल्या की मोठीची कड अधांतरी राहते आणि वरचं वजन तिला वाकवायला बघतं, वर म्हटलं तसा ताण. खोलगट बाऊल तर दोन-तीनच एकात एक ठेवा, कारण त्यांचं वजन बुडावर न बसता बाजूच्या भिंतीवर बसतं आणि खालचा बाऊल आतून बाहेर ढकलला जातो. आणि फळीचं बघा हं, हे कोणी बघत नाही. एक मोठी डिनर प्लेट साधारण अर्धा ते पाऊण किलो, म्हणजे बारा प्लेटा सहा ते नऊ किलो, त्यात सर्व्हिंग बाऊल आणि झाकणाचं भांडं धरलं तर एका फळीवर सहज पंधरा किलोच्या आसपास. कपाटातल्या फळ्या कित्येकदा चार छोट्या पिनांवर टेकलेल्या असतात आणि भुशाच्या बोर्डाच्या असतील तर वर्षभरात मध्ये झोल पडतो. जड थप्प्या खालच्या फळीवर आणि फळीच्या कडेला, पिनांच्या जवळ ठेवा, मध्यभागी हलकं सामान.

कपांचं एकच मोठं पाप आहे, ते म्हणजे हुकला टांगणं. दिसतं छान, मान्य. पण कपाचा कान वेगळा बनवून पातळ मातीच्या लगद्याने कपाला जोडलेला असतो, टांगल्यावर सगळं वजन त्या दोन सांध्यांवर, शिवाय दार आपटलं की कप झुलतो आणि शेजारच्यावर आपटतो. दुसरं पाप कपावर कप. कपाची कड हा त्याचा सगळ्यात पातळ भाग, तिथेच वरच्या कपाचं बूड बसतं. जागा असेल तर कप एका ओळीत सरळ उभे, एकमेकांना न चिकटता, सगळ्यांचे कान एकाच दिशेला. जागा नसेल तर फळीच्या वर अर्ध्या उंचीची एक छोटी स्टँडसारखी फळी ठेवा, खाली बशा, वर कप. अगदीच नाइलाज असेल तर दोन कप, मध्ये कापडाची घडी, तिसरा नाही.

काचेचे ग्लास सरळ ठेवायचे की उपडे यावरून घराघरात वाद असतो, माझं मत स्पष्ट आहे, क्रिस्टल सरळ ठेवायचं. उपडं ठेवलं की सगळं वजन कडेवर येतं, जी सगळ्यात नाजूक, आणि आत कोंडलेल्या दमट हवेचा वास बसतो तो वेगळाच. धुळीची काळजी असेल तर बंद दाराचं कपाट वापरा किंवा वरून एक पातळ कापड टाका. क्रिस्टल म्हणजे पारंपरिक अर्थाने शिशाचा ऑक्साइड घातलेली काच (युरोपात 1969 च्या नियमानुसार लेड क्रिस्टल म्हणायला तो किमान 24 टक्के लागतो), आणि शिशामुळेच ती जड लागते, चमकते, टिचकी मारली की लांबलचक वाजते, पण साध्या काचेपेक्षा मऊही असते म्हणून चरे लवकर पडतात. आणि तुमची सुरईही क्रिस्टलची असेल तर तिच्यात कुठलंही पेय भरून दिवसचे दिवस ठेवू नका, थोडं थोडं शिसं त्यात उतरतं. पाहुणे आले, ओतलं, संपवलं, धुतली, एवढंच. ठेवताना ती आतून पूर्ण कोरडी पाहिजे, नाहीतर आतली काच धुरकट होते, आणि बूच घट्ट लावून ठेवू नका, बूच आणि मान यांच्यात टिश्यूची पट्टी ठेवा किंवा बूच कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. बूच अडकलं की लोक ते ओढतात आणि मानेचा टवका जातो.

तुमचे अडकलेले दोन ग्लास: ओढू नका, पिळू नका, ठोकू तर अजिबात नका. आतल्या ग्लासात गार पाणी भरा (बर्फ नको), बाहेरचा ग्लास कोमट पाण्यात उभा करा (गरम नको, कोमट). आतला किंचित आकसतो, बाहेरचा किंचित फुगतो. थोडा वेळ थांबा आणि हलक्या हाताने फिरवून बघा, नाही सुटले तर फटीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब सोडून परत तेच करा. क्रिस्टलला एकदम तापमान बदललेलं सोसत नाही म्हणून घाई नको. आणि सुटल्यावर ते परत एकात एक घालायचे नाहीत, हे काही मी सांगायला नको.

डाग. वर्तमानपत्राची शाई ही काजळी आणि तेल, ती झिलईवरून साध्या साबणाच्या कोमट पाण्याने निघते. पण तुमचे डाग बुडाशी आहेत म्हणताय, म्हणजे त्याच बिनझिलईच्या कडीवर, तिथे शाई धरून बसते. कोमट पाण्यात सौम्य लिक्विड घालून प्लेटा काही तास भिजत ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने फक्त कडीवर घासा, सोन्यापर्यंत जाऊ नका. थोडा डाग राहिला तर राहू द्या, बुडाशी आहे, कोण बघतंय. ब्लीच घालू नका, कितीही मोह झाला तरी, कारण झिलईत बारीक जाळीसारख्या भेगा असतील तर ब्लीच आत मुरतं आणि नंतर आतून नुकसान करत राहतं. यापुढे वर्तमानपत्र फक्त खोक्यातली पोकळी भरायला, वस्तूला टेकवायचं नाही. वस्तूला टेकणारा पहिला थर पांढरा कोरा कागद, त्यातही आम्लरहित टिश्यू मिळाला तर उत्तम.

बबल रॅपबद्दल मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. घर बदलताना, गाडीत सामान नेताना बबल रॅपसारखी सोय नाही, फक्त आत आधी टिश्यू, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. पण वर्षानुवर्षं तेच गुंडाळून ठेवायचं नाही. प्लास्टिक दमटपणा आत कोंडतं, आणि उकाड्यात फुगे वस्तूला दाबून बसले की सोनेरी काम, लाखकाम, पॉलिश केलेला धातू यांच्यावर गोल गोल ठसे उमटू शकतात जे मग जात नाहीत. प्रवास संपला की सोडवायचं.

आणि पोटमाळा का नको ते पण सांगते. दिवसा तापतो, रात्री निवतो, ओल धरतो. जी भांडी पूर्ण काचेसारखी भाजलेली नसतात, म्हणजे साधी मातीची झिलईवाली, ती हवेतली ओल पिऊन वर्षानुवर्षात नकळत फुगतात आणि वरच्या झिलईला जाळीसारख्या भेगा पडतात. तुमच्या बोन चायनाला हा त्रास कमी, पण शिडीवर उभं राहून डोक्याच्या वरून जड खोका उतरवणं हा त्रास सगळ्यांना सारखा. कमरेपासून खांद्यापर्यंतची जागा ही नाजूक सामानाची जागा. फ्रिजवर नको, तो थरथरतो आणि वस्तू मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकत राहते. शेगडीच्या वर नको, आपटणाऱ्या दाराशेजारी नको, आणि खिडकीच्या कट्ट्यावर किंवा जिन्यात तर नकोच. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर चीनच्या छिंग काळातल्या तीन मोठ्या फुलदाण्या ठेवलेल्या होत्या, 2006 च्या जानेवारीत एक पाहुणा सुटलेल्या बुटाच्या नाडीवरून पाय अडखळून त्यांच्यावर गेला आणि तिन्हींचा चुरा झाला. म्युझियमवाल्यांनी पुढे त्या जोडल्याही, पण त्यांच्याकडे त्यासाठी माणसं असतात, आपल्याकडे फेव्हिक्विक असतं.

त्यावरून कपाकडे येते. फेव्हिक्विक लावू नका. ते झटकन चिकटतं म्हणून कान जरा तिरका बसला तर तो तसाच बसतो, ओल आणि उष्णतेने काही दिवसांनी सुटतो, आणि सुटताना कडांवर कडक पिवळट थर ठेवून जातो जो खरवडताना अजून टवके उडतात. पुरातन भांडी दुरुस्त करणारे लोक पॅरालॉइड बी-72 नावाचं राळेसारखं द्रव्य वापरतात, त्याची खुबी ही की ते नंतर अ‍ॅसिटोनने विरघळवता येतं, चुकलं तर परत करता येतं. सेट सासूबाईंचा आहे, तर असा कारागीर शोधायला वेळ द्या, घाई कसली आहे? तोपर्यंत प्रत्येक तुकडा वेगळ्या टिश्यूत, सगळे एका छोट्या डबीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुकडे एकमेकांना लावून बघत बसू नका, हा मोह सगळ्यांना होतो, पण दरवेळी लावलं की तुटलेल्या कडेचे बारीक कण गळतात आणि शेवटी जोड बसत नाही, फट दिसते. जुन्या कागदांची रद्दी द्यायच्या आधी एकेक कागद पांढऱ्या टॉवेलवर झटका, कानाचा नखाएवढा तुकडा हमखास तिथे अडकलेला असतो. कप जोडून आला तरी तो चहाचा राहिला नाही, शोभेचा झाला, कानाने तर तो यापुढे कधीच उचलायचा नाही.

उरलेले कप ठीक आहेत का ते कळायला, मडकं वाजवून घेतात तसं करा. कप तळहातावर मोकळा ठेवा, बोटाने हलकी टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर बरा आहे, बसका, थब्ब असा आला तर कुठेतरी न दिसणारा तडा आहे, त्यात गरम काही ओतू नका.

चांदीचं भांडं. काळं पडणं म्हणजे चांदी आणि गंधक यांचा संयोग, आणि रबरात गंधक असतं, म्हणून जिथे रबरबँड होता तिथेच पट्टा उमटला. कागदात गुंडाळून वरून रबर लावलं तरी ते गंधक कागदाआडून काम करतं. लोकर आणि लोकरीचं फेल्ट यातही गंधक असतं, त्यामुळे प्लेटांमध्ये फेल्टच्या चकत्या घातल्या असतील तर त्या कपाटात चांदी ठेवू नका, तिचा खण वेगळा. भांडं कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, चांदीच्या पॉलिशने पट्टा हलकेच पुसा. रबराने चांदी खाल्लेली असेल तर खड्ड्यासारखी खूण राहील, तिच्या मागे लागू नका कारण प्रत्येक पॉलिश थोडी चांदी घेऊन जातं, आणि भांडं नुसता मुलामा असेल तर खालचा पितळी रंग वर येईल. नंतर टिश्यूत गुंडाळा, वरून चांदी काळी पडू नये म्हणून मिळतं ते कापड, मग झिपची पॉलिथीन पिशवी आणि त्यात सिलिका जेलची पुडी. आत मिठाचा कण राहिलेला नसावा, मीठ चांदीला गंजवतं.

बाहुलीला हाताने धरायचं नाही, म्हणजे तिच्या हाताने! बोटं, पदर, उंचावलेला पाय, हे सगळं शोभेचं, पकडायचं नाही. एक हात बुडाखाली, दुसरा पाठीशी. धूळ कापडाने पुसली तर धागा बोटात अडकतो, त्यापेक्षा मऊ रंगाचा ब्रश घ्या. गुंडाळायची वेळ आली तर घट्ट आवळू नका, टिश्यूच्या सुरळ्या करून हातापायांच्या पोकळीत भरा, मग सगळी बाहुली टिश्यूच्या ढिगात बसवा. फळीवर उभी करायची असेल तर म्युझियम वॅक्स म्हणून मऊ मेण मिळतं, वाटाण्याएवढे तीन ठिपके बुडाला, दाबून बसवायची, काढताना वर न ओढता किंचित फिरवायची. बुडाला सोनेरी काम असेल किंवा झिलई नसेल तर मेण लावू नका.

आता मुलगी. चार वर्षांच्या मुलीपासून सेट वाचवायचा याआधी सेटच्या कपाटापासून मुलगी वाचवायची. कपाट भिंतीला एल आकाराच्या पट्टीने स्क्रूने पक्कं करा, वरच्या बाजूला दोन ठिकाणी, कारण मुलं खालचे खण उघडून त्यावर पाय देऊन चढतात आणि भरलेलं कपाट पुढे कलंडतं. हे आजच करा, बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल. दाराला लहान मुलांसाठीची कडी लावा. आणि फळीच्या पुढच्या काठाला बोटभर उंचीची पट्टी ठोकून घेतलीत तर सरकत आलेली वस्तू तिथे थांबते. कपाटात जुना हॅलोजन दिवा असेल तर काढा, तो आत भट्टी करतो आणि जुने जोड सैल पडतात, एलईडी बसवा.

सासूबाईंच्या "वापरू नकोस" ला माझा विरोध आहे, पण आदराने. वापरायला काढलं की हातून जातं, नजरेखालून जातं, तडा कधी पडला ते कळतं. तुम्ही हाच खोका दर काही महिन्यांनी उघडला असतात तर चांदीचा पट्टा एवढा खोल गेला नसता. एक पथ्य मात्र पाळा, सेट खूप जुना असेल आणि झिलईच्या वर हाताने रंगवलेली भडक नक्षी असेल तर त्यावर आंबट पदार्थ वाढू नका, जुन्या रंगात शिसं आणि कॅडमियम असू शकतं. धुताना सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा किंवा प्लास्टिकच्या टबात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, नळ बाजूला फिरवा (कडांचे टवके नळाला लागून किती जातात!), आणि एका वेळी एकच भांडं, टबात ढीग नाही. पुसल्यावर लगेच थप्पी लावू नका, बुडाच्या कडीत पाणी मुरलेलं असतं, रात्रभर उघडं राहू द्या. हातमोजे घालायचा विचार असेल तर सुती नको, झिलईवरून घसरतात, स्वच्छ कोरडे हात बरे.

सगळं कपाटात मावणार नाही हे मला दिसतंय, सूपचं मोठं भांडं, जास्तीच्या प्लेटा राहतील. त्यांच्यासाठी खोका घ्याच, पण एक मोठा नको, दोन-तीन छोटे, दुहेरी पुठ्ठ्याचे, भरून पंधरा किलोच्या आत. तळाला चार बोटं कुस्करलेला कागद. खोक्यात प्लेटा आडव्या नाही, उभ्या, धारेवर. फळीवर आडव्या आणि खोक्यात उभ्या, हे उलटं वाटतं पण कारण आहे, खोका हलतो, आपटतो, आणि आडव्या थप्पीत प्रत्येक धक्क्याला वरच्या सगळ्या प्लेटांचं वजन सगळ्यात खालचीच्या मध्यावर येतं, उभ्या असल्या की जी ती आपापलं वजन पेलते. किटली असेल तर तोटीभोवती कागदाची सुरळी, झाकण वेगळं गुंडाळून. पोकळी उरायला नको, खोका बंद करून हलकेच हलवा, आतून आवाज आला तर परत उघडा. खोके जमिनीवर थेट नाही, खाली दोन पट्ट्या टाकून, घरातल्याच एखाद्या खालच्या कपाटात.

आणि हे सगळं करायच्या आधी, सामान आत्ता बाहेर पसरलेलंच आहे तर फोटो काढून घ्या. प्रत्येक प्रकारच्या भांड्याचा समोरून एक आणि बुडाचा एक, बुडावरचा कंपनीचा शिक्का आणि नक्षीचं नाव किंवा नंबर स्पष्ट आला पाहिजे, कारण उद्या एखादी प्लेट गेली तर तोच शिक्का दाखवून जोडीची शोधता येते. किती नग आहेत, कुठला टवका आधीचाच आहे, कुठल्या खोक्यात काय आहे, हे एका कागदावर लिहा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दाराला हं, प्लेटला नाही.